नावानिशी

फळ्यावर तिने 'बायलाइन' असा शब्द लिहिला, खाली ठसठशीत रेघ ओढली आणि खडू माझ्याकडे रोखून म्हणाली, "टेंबेकाका, तुम्ही सांगा. बायलाइन म्हणजे काय?"

"बातमीवर छापलेलं बातमीदाराचं नाव."

"करेक्ट. तुमच्या आजवर किती आल्या?"

"एकही नाही."

पानं लावणारा मुलाणी खुर्चीत रेलून हसला. "मॅडम, टेंबे म्हणजे 'आमच्या प्रतिनिधीकडून'. घराच्या पाटीवर पण तेच लिहायला पाहिजे त्यांनी."

"एकही नाही?" संयोगिताने खडू खाली केला. "काका, अहो मागायची असते ती."

मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी चैत्रात राममंदिरातल्या कीर्तनांचे वृत्तांत लिहिताना शेवटच्या ओळीखाली मी मनातल्या मनात 'श्रीनिवास टेंबे' असं लिहायचो आणि कागद मुलाणीच्या हाती द्यायचो. साहेब एक दिवस आपण होऊन म्हणतील, टेंबे, एवढं सुंदर लिहिता, नाव लावा की. त्या दिवसाची वाट पाहण्यात माझे केस पिकायला लागले होते.

आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, आणि आमच्या दैनिकाचं तिथलं कार्यालय म्हणजे एस.टी. स्टँडसमोरच्या दोन खोल्या. संध्याकाळी सातला तालुक्याचं पान तयार झालं की गाडी ते घेऊन सांगलीच्या छापखान्याकडे निघायची. पण मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि बैठकांत इंग्रजी शब्दांचा पाऊस सुरू झाला. आमचे संपादक गुळवणीसाहेब एका बैठकीत नुसती मान हलवत बसले, आणि परत आल्यावर त्यांनी फर्मान काढलं: रोज दुपारी तीनला वर्ग. शिकवणार संयोगिता घोरपडे. पुण्यात पत्रकारितेचा कोर्स करून फाल्गुनात ती आमच्याकडे लागली होती. तिच्या वयापेक्षा माझी नोकरी थोडीच लहान होती.

ती वाईट शिकवत असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती शेंगा आणायची, टेबलावर ओतायची आणि सोलता सोलता शिकवायची. अँगल, सोर्स, व्हेरिफाय, बायस. म्हणायची, "पेपर काढणं वेगळं आणि पेपरबद्दल बोलता येणं वेगळं. हे शब्द आले ना काका, की आपलंच काम जरा लांबून दिसतं."

मला माझं काम लांबून पाहायचं नव्हतं. मला ते माझ्या नावानिशी पाहायचं होतं.

वर्ग संपत असतानाच गुळवणीसाहेब आत आले. "टेंबे, पाडव्यापासून राममंदिर संयोगिताकडे."

हातातली शेंग हातातच राहिली. "साहेब, कीर्तनं मी करतो."

"कीर्तनं कवठेकरबुवा करतात. तुम्ही बातमी करता, आणि ती एक दिवस शिळी असते. सोमवारचं कीर्तन लोकांनी बुधवारी वाचायचं?"

"कीर्तन संपतं पावणेआठला. पान जातं सातला. मध्ये उठून येता येत नाही, साहेब."

"हिला येतं," गुळवणी म्हणाले. संयोगिता शेंगांची टरफलं गोळा करत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "मध्यंतराला निघेन. आख्यान कुठलं ते कळलं की झालं." मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही मला सांभाळून घ्याल ना?"

"घेईन की," मी म्हणालो.

कीर्तनातून मध्येच उठायचं नाही ही आमच्या आईची शिकवण. लहानपणी ती माझ्या मांडीवर हात दाबून बसायची. पुढे हात गेला, दाब राहिला. पाऊस आला, दिवे गेले, एकदा तर मांडवात साप निघाला, तरी मी बसून होतो. कवठेकरबुवा उभे असताना उठायचं कुणाला सुचेल? सहा फूट देह, भगवा फेटा, हातात झांज, आणि आवाज असा की पेटीवाल्याला धाप लागावी. दर चैत्रात ते यायचे, नऊ दिवस राहायचे, आणि पाडव्याला मी पाया पडलो की दोन शब्द बोलायचे, "आलात? बसा." मी दुसऱ्या खांबापाशी बसायचो. ते दोन शब्द मला वर्षभर पुरायचे.

पाडव्याला संयोगिता माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर पॅड, कानामागे पेन. पूर्वरंग संपला, मध्यंतर झालं, लोक बुवांना बुक्का लावायला उठले, आणि त्या गर्दीतून ती मांजरीसारखी निसटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पेपर माझ्यासमोर धरला. "ही संयोगिता घोरपडे म्हणजे ती नवीन पोरगी ना हो?"

"हो."

"नाव आलंय तिचं. चांगलं जाड अक्षरात. पहिल्याच दिवशी." कुसुमने चहाचा कप ठेवला. "तुमचं राहून गेलं वाटतं छापायचं."

"कीर्तनात नाव देवाचं घ्यायचं असतं."

"ते आम्हाला सांगा. त्या पोरीला कुणी सांगितलं नाही."

मी बातमी वाचली. चुका शोधायला वाचली, हे कुसुमलाही दिसत होतं. चूक नव्हती. उलट तिने लिहिलं होतं की वरचा स्वर घेण्याआधी बुवांच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच उचलला जातो, जणू सूर खालून, जमिनीतून वर येतो. हे मीही पाहिलं होतं. किती वर्षं पाहत होतो. लिहिलं मात्र नव्हतं, कारण आपण 'सुश्राव्य', 'रसाळ' आणि 'श्रोते मंत्रमुग्ध झाले' एवढं लिहिलं की वृत्तांत झाला असं मला वाटायचं. तो अंगठा माझा होता आणि तिने तो नेला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. ती मध्यंतराला उठली होती, आणि बातमीत आख्यान अहल्येचं असल्याचं लिहिलं होतं. ते खरंही होतं. तिला कळलं कसं?

दुपारी वर्गात विचारलं.

"सोर्स," ती म्हणाली.

"कोण सोर्स?"

"सोर्स उघड करत नसतात, काका. परवाच शिकवलं ना?" मग स्वतःच हसली. "अहो, बुवाच. दुपारी जाते त्यांच्याकडे. देशपांडे ट्रस्टींच्या माडीवर उतरलेत ना. चहा होतो, आज काय सांगणार ते सांगतात. तासभर गप्पा होतात."

"तासभर?"

"कधी जास्त पण. त्यांना आपले शब्द फार आवडलेत. मी अँगल सांगितला तर म्हणाले, थांब, हा शब्द मला दे. देऊन टाकला."

मला तिचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, राग बोलून टाकता येतो. हे बोलण्यासारखं नव्हतं. बुवांना आज कोणतं आख्यान, असं मी जन्मात विचारलं नसतं. ताटात काय वाढणार ते देवाला आधी विचारतात का? आणि हिने विचारलं, तर बुवांनी सांगितलं. वर चहा पाजला.

चौथ्या दिवशी बुवा पूर्वरंगाला उभे राहिले आणि निरूपण करता करता म्हणाले, "मंडळी, ह्या गावात मला एक गुरू भेटलाय. वयानं माझ्या नातीएवढा आहे. तो म्हणतो, बातमीला अँगल असतो. मी म्हटलं, बाई गं, हे आमच्या रामायणात आहे! बातमी एकच: उद्या रामाला राज्याभिषेक. मंथरा ती घेऊन कैकेयीकडे गेली. आणि कैकेयीनं काय केलं? रडली? नाही. आनंदानं अंगावरचा दागिना काढून मंथरेच्या हातात ठेवला! बातमी ऐकून दागिना देणारी बाई, त्याच बातमीवरून रामाला वनात धाडते. मध्ये काय झालं? बातमी बदलली का? नाही. मंथरेनं अँगल दिला!"

सभामंडप हसला, टाळ्या पडल्या. बुवांनी झांज वाजवली आणि आवाज खाली आणला. "मंथरा बाहेरून येत नाही, मंडळी. आपल्या कानाशीच तिची खोली असते. शेजाऱ्याला चांगलं झालं की ती दार उघडते. आणि विचारते, त्याला मिळालं, मग तुझं काय?"

मी दुसऱ्या खांबाला टेकून बसलो होतो. माझ्या शेजारी संयोगिता हसत लिहीत होती. माझ्या कानाशी असलेल्या खोलीचं दार चांगलं सताड उघडं होतं.

सहाव्या दिवशी बुवांनी 'व्हेरिफाय' घेतला. मारुतीने सीतेला रामाची अंगठी दाखवली, सीतेने नीट पारखून घेतली, मगच विश्वास ठेवला, आणि परत जाताना त्याला चूडामणी दिला, म्हणजे तिकडे रामालाही खात्री पटावी. "पहिला बातमीदार मारुती! आणि पुराव्याशिवाय एक अक्षर बोलला नाही!" लोक खूश. बाहेर चपला घालताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "या वर्षी बुवांचं कीर्तन काही औरच आहे." दुसरा म्हणाला, "ती पेपरवाली पोरगी आहे ना, तिचं आहे ते."

तिचं आहे ते.

त्या रात्री मी जेवताना भात दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा टाकला. कुसुम म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते मला कळतंय बरं का. साहेबांना सांगून टाका ना एकदाचं."

"काय सांगू? त्या पोरीचं काढून घ्या आणि मला द्या?"

"मग तुम्हाला तेच पाहिजे आहे की नाही?"

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

अष्टमीचा दिवस. संध्याकाळी मंदिर गच्च भरलेलं. संयोगिता नेहमीप्रमाणे शेजारी. मध्यंतर झालं, ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज शबरी. मी लिहूनच आणलंय, काका, नुसतं टाइप करायचंय. तुम्ही माझ्या वाटचं पण ऐका." आणि गेली.

बुवांना हार झाला, बुक्का झाला. उत्तररंगाला उभं राहताना त्यांनी रिवाजाप्रमाणे उपरणं कमरेला बांधलं. पेटीवाल्याने शबरीच्या पदाचा सूर धरला. बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "मंडळी, आज शबरी सांगायची ठरवली होती. पण दुपारपासून दुसरंच कुणी डोळ्यांपुढे उभं आहे. आज भरत सांगतो. नंदिग्रामातला भरत."

पेटीवाल्याने गडबडीने सूर बदलला.

आणि मी उठलो.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. बातमी चुकली, उद्या गावभर हसं होणार, आपला पेपर खोटा ठरणार, हे मनात होतंच. पण त्याच्या मागून नाही, त्याच्या बरोबरीने दुसरं आलं: आता ही बातमी माझी. आईचा हात मांडीवर होता तो मी कधी बाजूला केला हे कळलंच नाही. लोकांनी गुडघे आवरून वाट दिली. सोनार मास्तर कुजबुजले, "टेंबे, बरं नाही का?" मी मान हलवली, ती हो अशी की नाही अशी, मलाही सांगता येणार नाही. मागून बुवांचा आवाज येत होता: राम वनाला गेला आहे, भरत मामाच्या घरून परत आला आहे, आणि अयोध्येत कुणी त्याच्याशी बोलत नाही.

कार्यालयाच्या पायऱ्या मी धापा टाकत चढलो. मुलाणी पान लावत होता. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: 'शबरीच्या बोरांनी श्रोत्यांचे डोळे पाणावले', आणि खाली संयोगिता घोरपडे.

"थांबवा ते," मी म्हणालो. "शबरी नाही. बुवांनी भरत घेतलाय."

संयोगिता उभी राहिली. चेहरा पांढरा पडला. "पण मला दुपारी स्वतः म्हणाले…"

"दुपारी म्हणाले असतील. आता बदललं."

गुळवणी आतल्या खोलीतून बाहेर आले. "काय झालं?"

"साहेब, माझी बातमी चुकली," तिने सरळ सांगून टाकलं. सबब नाही, बचाव नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाजच बदलला. "काका, तुम्ही उठून आलात? कीर्तनातून?"

मी मुलाणीच्या पडद्याकडे बघत राहिलो.

"साहेब, काका कीर्तनातून उठले. माझ्यासाठी. साप निघाला तेव्हासुद्धा उठले नव्हते म्हणे." तिचे डोळे भरून आले होते. "ही बातमी त्यांच्या नावाने जाऊ दे. त्यांनी वाचवलीय."

"लावा नाव," गुळवणी घड्याळाकडे बघत म्हणाले. "पण लवकर. गाडी खाली उभी आहे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे असं मिळालं. तिच्या हातून, आणि मी जे केलंच नव्हतं त्याच्याबद्दल. नको म्हणायला जागा होती. मी खुर्ची ओढली.

"मी देवळात जाते," संयोगिता म्हणाली. "खरं काय झालं ते बघते, आणि वेगळं काही असेल तर समोरच्या पानपट्टीवरून फोन करते."

"गरज नाही. बुवांचा भरत मला पाठ आहे."

"तरी जाते. व्हेरिफाय नको करायला?" आणि ती पळतच जिना उतरली.

मी मुलाणीला सांगत गेलो, तो टाइप करत गेला. खरंच मला सगळं पाठ होतं. चित्रकूटावरची भेट, पादुका मागणं, त्या डोक्यावर घेऊन परत फिरणं, नंदिग्रामात वल्कलं नेसून राहणं. अंगठ्याचंही घातलं, आता ते घालावंच लागलं. फोन वाजला नाही. म्हणजे वेगळं काही नव्हतं. शेवटी मुलाणीने विचारलं, "नाव कसं घालू? श्री. वा. टेंबे, का पूर्ण?"

"पूर्ण. श्रीनिवास टेंबे."

त्याने टाइप केलं. पडद्यावर माझं नाव उभं राहिलं. मुलाणी म्हणाला, "टेंबे, बघून घ्या एकदा पोटभर. जरा मोठं करू का?"

"असू दे तेवढंच," मी म्हणालो, पण बघत राहिलो. पान छापून निघालं, लखोट्यात गेलं, गाडी सुटली. साहेब घरी गेले. मी बसून राहिलो. छान वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. जिभेवर ठेवलेला पेढा विरघळायची वाट पाहावी तसा मी बसलो होतो.

आठच्या सुमाराला संयोगिता आली. कपाळभर बुक्का. दारातच उभी राहिली, आत येईना.

"फोन करणार होतीस," मी म्हणालो.

"करायचा होता. उठताच आलं नाही, काका." ती माझ्यासमोर येऊन बसली. "खांबापाशी तुमच्या जागेवर बसले होते. गाडी गेली का?"

"केव्हाच."

"तुम्हाला एक सांगायचंय. आज दुपारी चहा घेताना बुवांनी मला विचारलं, मुली, इतकी वर्षं तुमच्या पेपरात माझ्या कीर्तनाचं येतं, ते कोण लिहायचं? मी सांगितलं, टेंबेकाका. दुसऱ्या खांबापाशी बसतात ते. बुवांना माहीतच नव्हतं, काका! म्हणाले, ते? ते कधी बोलले नाहीत. त्यांचं नाव कधी पाहिलं नाही मी. मी म्हटलं, लावत नाहीत ते नाव. चहा तसाच राहिला त्यांचा."

मुलाणीने संगणक बंद करता करता हात थांबवला.

"भरत सांगताना शेवटी बुवा म्हणाले," संयोगिता सांगू लागली. रोज फळ्यापाशी खडखडीत बोलणारी ती मुलगी, शब्द चाचपडत होती. "म्हणाले, राम चौदा वर्षांनी परत आला. वेशीवर सगळी अयोध्या जमली. रामाने लोकांना विचारलं, एवढी वर्षं तुमच्यावर राज्य कुणी केलं? लोक म्हणाले, म्हणजे काय, रामराज्यच होतं की. रामाने म्हाताऱ्यांना विचारलं, बायकांना विचारलं, नावाड्यांना विचारलं. सगळे म्हणाले, रामराज्य. भरताचं नाव एकाच्याही तोंडी नाही. आणि मग बुवा रडले, काका. गादीवर उभे राहून रडले. म्हणाले, रामाचा कंठ दाटून आला. तो म्हणाला, बाळा भरता, इतकं पुसलंस रे स्वतःला? आणि गर्दीत सगळ्यात मागे जो उभा होता, त्याच्याकडे राम आधी चालत गेला."

हे मी बुवांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एकाही वर्षी नाही. माझ्या बातमीत भरत पादुकांपाशी बसला होता आणि तिथेच संपला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग बुवांनी झांज खाली ठेवली. म्हणाले, मंडळी, तुमच्या गावात असा एक भरत आहे. माझं कीर्तन ज्यांनी कानांनी ऐकलं नाही, त्यांच्यापर्यंत ते त्यानं पोचवलं, आणि स्वतःचं नाव कुठे ठेवलं नाही. आज मला त्याला भेटायचंय. आणि ते गादीवरून उतरून चालत आले, काका. दुसऱ्या खांबापाशी. हात पुढे करून." तिने तोंडावर हात धरला. "तिथे मी बसले होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते कुठायत? मी म्हटलं, बुवा, ते कामाला गेलेत. माझी चूक सुधारायला गेलेत. तर बुवा हसले रडता रडता. म्हणाले, बघा, आहे की नाही भरत! आणि त्यांनी मलाच मिठी मारली. तुमच्या नावाने. सगळं देऊळ उभं राहिलं होतं."

मी फोन उचलला आणि सांगलीचा छापखाना लावला. तिकडून दत्तू मशीनवाला ओरडत बोलला, "कोण? टेंबे? बोला!"

"दत्तू, तालुक्याच्या पानावर कीर्तनाची बातमी आहे, तिच्यावरचं नाव काढ."

"काढ? अहो, नाव घाला म्हणून लोक माझं डोकं खातात. कुणाचं आहे?"

"माझंच."

"मग राहू दे की! चांगलं ठळक आलंय."

"दत्तू, ऐक माझं…"

"आता काय ऐकू? प्लेट चढली, मशीन सुरू झालं. हा घ्या आवाज." आणि त्याने फोन मशीनच्या दिशेने धरला असावा. तो धडधडाट मी बराच वेळ ऐकला.

सकाळी कुसुमने पेपर उघडला, वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे न बघता कात्री शोधायला आत गेली. बातमीत एकही चूक नव्हती. गावातच रात्री उशिरा छापल्या जाणाऱ्या दुसऱ्या पेपरात पहिल्या पानावर होतं: 'अनामिक वार्ताहराला गादीवरून उतरून वंदन'. आमच्या पेपरात ती बातमी नव्हती. गुळवणीसाहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

नवमीला जन्मकाळाच्या कीर्तनानंतर मी पाया पडायला गेलो. बुवांनी पेपर वाचला होता, तो त्यांच्या पेटीवर घडी करून ठेवलेला दिसला. मला वाटलं, आता काही विचारतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाव छान आहे हो तुमचं. श्रीनिवास." एवढंच. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मिठीची वेळ काल होती. ती होऊन गेली होती.

पुढच्या चैत्रात बुवा आले नाहीत. त्यांचा आवाज गेला, आणि नंतर तेही. भरताचं ते आख्यान त्यांनी पुन्हा कुठे केलं असं माझ्या ऐकिवात नाही. संयोगिता मुंबईला गेली, मोठी झाली, तिचं नाव आता रोज कुठे ना कुठे दिसतं, आणि ते दिसलं की मला बरं वाटतं. मालकांच्या मुलाने मलाही पुढे हवी तेवढी नावं दिली. ती छापून आली, कुसुमने कापून ठेवली, त्यांचं मला काही नाही.

पण हेवा गेलेला नाही. ती गावी आली की घरी येते, शेंगा घेऊन. चहा झाला की मी म्हणतो, "सांग गं, राम वेशीवर आला, पुढे?" ती सांगते. आता तिलाही पाठ झालं आहे, तरी 'पुसलंस रे स्वतःला' इथे आली की तिचा आवाज अडतो, आणि मी ओळखतो की हिला ते आत्ताही ऐकू येतंय, बुवांच्या आवाजात, दुसऱ्या खांबापाशी. मला ऐकू येतो तो तिचाच आवाज.

मागच्या वेळी मी तिला म्हणालोच, "नशीबवान आहेस. तू ऐकलंस."

ती म्हणाली, "काका, तुमच्यासाठी सांगितलं होतं त्यांनी ते."

"हो," मी म्हणालो. "पण ऐकलंस तू."